गाडीत हँडहेल्ड सेटवर नुसती खरखर येते? आधी अँटेना टपावर न्या

हातात धरायच्या वॉकीटॉकीसारख्या सेटवर गच्चीवर उभं राहिलं की शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू येतं आणि तोच सेट गाडीत घेऊन काचा वर केल्या की नुसती खरखर, हे रडगाणं आमच्या बेळगावातल्या प्रत्येक नव्या हॅमकडून (म्हणजे लायसन्स काढून हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्याकडून) एकदा तरी ऐकलंय. मग लोक 5 वॅटचा सेट ठेवून 8 वॅटचा घ्यायला निघतात. अहो, वॅट वाढवून तुमचं बोलणं जरा लांब जाईल, खरं समोरच्याचं तुम्हाला ऐकू यायला त्याचा काडीचा उपयोग नाही. दोष सेटचा नाहीच, तुम्ही पत्र्याच्या डब्यात बसलाय.

हॅम लोक ज्यावर बोलतात त्यातली 145 मेगाहर्ट्झची लाट साधारण 2 मीटर लांबीची, ती खिडकीच्या फटीतून आत यायला कुरकुरते. 435 ची 70 सेंटीमीटरची, ती त्यामानानं सहज घुसते. त्यामुळं बाहेर अँटेना नसेल आणि समोरच्याकडं हे दोन्ही बँड (पट्टे) असतील तर गाडीतून यूएचएफवर, म्हणजे 435 वर, बोलून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. दुसरं, सेट कप होल्डरमध्ये टाकू नका, काचेच्या उंचीला उभा धरा, आडवा नको. काचेला धातूची फिल्म असेल तर तिथंही मार बसतो.

आता खरा उपाय. मॅग्नेट माउंटची, म्हणजे बुडाला लोहचुंबक असलेली, अँटेना घ्या आणि टपाच्या मधोमध ठेवा. मधोमधच का, तर टपाचा पत्रा हा त्या अँटेनाचा खालचा अर्धा भाग असतो, कडेला ठेवली तर एका बाजूलाच जास्त ऐकू येतं. मध्ये सनरूफची काच असेल तर तिच्या मागं पत्र्यावर ठेवा. साध्या क्वार्टर वेव्हची, म्हणजे पाव लाटेएवढी, काडी किती लांब? 7125 ला मेगाहर्ट्झनं भागा, सेंटीमीटर मिळतात, म्हणजे 145 ला 49 आणि 435 ला 16 च्या आसपास. सव्वा मीटरची लांब काडी ऐकायला जास्त चांगली, खरं झाडाच्या फांद्या आणि पार्किंगचं छत बघून घ्या. ठेवायच्या आधी टप आणि मॅग्नेटचं बूड दोन्ही फडक्यानं पुसा, खानापूरकडची तांबडी धूळ मध्ये राहिली तर रंगावर गोल चरा उठतो. (गावाकडं घरात बसून ऐकायचं असेल तर हीच अँटेना भाकरीच्या लोखंडी तव्यावर ठेवून तवा खिडकीत ठेवा, झकास चालतं. फक्त स्वयंपाकाच्या वेळेआधी परत करा.)

वायर मागच्या दाराच्या रबराखालून आत घ्या, दार आपटून ती चेपू नका. आणि आत शिरायच्या आधी तिला खाली लोंबता झोल द्या. आमच्याकडचा जुलैचा पाऊस वायरीवरनं ओघळत थेट सीटवर येतो, झोल असला की पाणी तिथंच ठिबकून जातं.

सेटला जोडताना एक चूक मी केलीय, तुम्ही करू नका. जाड वायर अडॅप्टर लावून थेट सेटवर पिळली, सुतगट्टी घाटात एक खड्डा आला, वायरीला हिसका बसला आणि सेटचा कनेक्टर मुळापासून हलला. मध्ये फूटभर बारीक वायरीची जोडणी घ्या, ओढ तिच्यावर जाते. घेताना सेट सोबत न्या, कारण बाओफेंगच्या यूव्ही-5आर सेटच्या कनेक्टरमध्ये पिन असते आणि बऱ्याच यासू सेटवर भोक, उलटं घेतलं तर बसतच नाही. पहिल्यांदा कमी पॉवरवर बोला आणि कुणाकडं एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडनं किती पॉवर परत फिरते ते दाखवणारा) असेल तर 2 च्या खाली येतोय का बघा.

एवढं करूनही खरखर असेल तर मोबाईलचा चार्जर उपटा. थट्टा नाही. लांबचा बारीक आवाज लावून ठेवा, चार्जर काढा, मग डॅशकॅम काढा, कशानं आवाज एकदम उघडतोय ते बघा, सापडलं की त्याच्या वायरीला फेराइटचा मणी (खरखर अडवणारा, वायरीवर बसवायचा) लावा किंवा ते बंदच ठेवा. उलटा प्रकार शहरात टॉवरजवळ होतो, बाहेरची अँटेना लावल्यावर स्वस्तातला सेट आणखीच बहिरा. तेव्हा गावात सेटची रबरी अँटेना लावा, हायवेला लागल्यावर टपावरची.

हे सगळं लायसन्सवाल्यांसाठी, हॅमच्या बँडवर बोलणाऱ्यांसाठी. बिनलायसन्सच्या 446 मेगाहर्ट्झच्या सेटला बाहेरची अँटेना लावायची परवानगीच नाही, ती मूळची चिकटलेलीच असते. त्यांनी सेट काचेजवळ उभा धरावा आणि गाड्या एकमेकांच्या नजरेत ठेवाव्यात.

आणि चोर्ला घाटात डोंगराआड गेलात तर कुठलीच अँटेना काही करणार नाही, माथ्यावर येईपर्यंत गप्प बसा. सपाट रस्त्यावर थांबल्या जागी आवाज अचानक गेला तर मात्र गाडी अर्धा मीटर पुढं घेऊन बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं परत येतो.