दहा लाख सह्यांच्या आधी: युरोपीय नागरिक पुढाकार कसा मांडावा

युरोपीय महासंघात कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी युरोपीय आयोगाकडे, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी मंडळाकडे आहे. लोकांनी निवडून दिलेल्या युरोपीय संसदेलाही तो थेट नाही. १ डिसेंबर २००९ रोजी अमलात आलेल्या लिस्बन कराराने नागरिकांसाठी हे दार थोडेसे किलकिले केले. दहा लाख नागरिकांनी सह्या केल्यास अमुक विषयावर कायद्याचा प्रस्ताव आणा, अशी मागणी आयोगापुढे ठेवता येते. यालाच युरोपीय नागरिक पुढाकार म्हणतात. ही सोय २०१२ पासून वापरात असून सध्याची नियमावली १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. दहा लाखांचा आकडा ऐकताच उत्साही संस्था सह्यांच्या मागे लागतात. पण पुढाकाराचे भवितव्य बरेचसे त्याआधीच ठरून गेलेले असते.

पहिले आणि सर्वांत जिकिरीचे काम मागणीच्या शब्दांचे. शीर्षकाला १००, उद्दिष्टांना १,१०० आणि ऐच्छिक जोडपत्राला ५,००० अक्षरांची मर्यादा आहे. आयोगाला ज्या विषयात कायदा सुचवण्याचा अधिकारच नाही, त्या विषयावरील मागणी नोंदवून घेतली जात नाही, आणि नोंदणीशिवाय अधिकृत सह्या गोळा करता येत नाहीत. म्हणून मसुदा घोषणा लिहिणाऱ्याने नव्हे, तर महासंघाचे करार वाचलेल्या माणसाने लिहावा. अनेक मागण्या असतील तर त्या सुट्या, एकमेकींवर न टेकणाऱ्या ठेवाव्यात. भाषिक आणि वांशिक अल्पसंख्याकांसाठीच्या ‘मायनॉरिटी सेफपॅक’ या पुढाकाराला आयोगाने २०१३ मध्ये नोंदणी नाकारली होती. न्यायालयाने २०१७ मध्ये तो निर्णय रद्द केल्यावर ११ पैकी ९ मागण्या नोंदल्या गेल्या. सगळे एकाच वाक्यात गुंफले असते, तर ही वजाबाकी करणेच अवघड झाले असते. नकार आलाच तर न्यायालयात जाता येते, पण त्यात वर्षे जातात. अमेरिकेशी होऊ घातलेल्या व्यापार कराराविरुद्धच्या पुढाकाराला २०१४ मध्ये नकार मिळाला. आयोजकांनी स्वतःच्या बळावर तीस लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि २०१७ मध्ये खटलाही जिंकला. तोवर वाटाघाटीच थंडावल्या होत्या.

आयोजक गटात सात वेगवेगळ्या सदस्य देशांत राहणारे किमान सात नागरिक लागतात. ही सात नावे केवळ कागद भरण्यासाठी जमवू नयेत. एकूण आकड्याबरोबरच किमान सात देशांत ठरावीक सह्या मिळवाव्या लागतात आणि तिथे काम करणारी संस्था हाताशी नसेल तर मोहीम एखाद्या मोठ्या देशातच फुगत राहते. हा किमान आकडा युरोपीय संसदेतील त्या देशाच्या खासदारांची संख्या गुणिले त्याच संसदेतील एकूण खासदार असा काढतात. आज ७२० खासदारांच्या हिशेबाने जर्मनीला ६९,१२०, तर माल्टाला ४,३२० सह्या लागतात. लहान देश कागदावर सोपे दिसतात. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर तेच अधिक कष्टाचे आहेत.

नोंदणी झाल्यावर सहा महिन्यांच्या आत सुरुवातीची तारीख आपणच निवडायची असते आणि तिथून बारा महिने मोजले जातात. ऑनलाइन सह्यांसाठी आयोगाची यंत्रणा विनामूल्य मिळते. कागदी फॉर्म वापरायचे असतील तर एक गोष्ट स्वयंसेवकांच्या मनावर ठसवावी: सही मोजली जाते ती राष्ट्रीयत्वाच्या देशात, राहत्या देशात नव्हे, आणि एका फॉर्मवर एकाच देशाचे नागरिक सही करू शकतात. बर्लिनच्या बाजारात टेबल मांडले असेल, तर जर्मन गठ्ठ्याशेजारी पोलिश आणि इटालियन गठ्ठेही हवेत. जर्मन नागरिकाला पत्ता आणि जन्मतारीख पुरते; पोर्तुगीज नागरिकाला ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो आणि तो भर रस्त्यात द्यायला माणूस कचरतो, हे गृहीत धरून चालावे. म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या पुण्याच्या अभियंत्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर कितीही वर्षे कर भरलेला असो, त्याची सही चालत नाही. उलट पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला गोवेकर लंडनमध्ये राहत असला तरी त्याची सही पोर्तुगालच्या खात्यात जमा होते.

पैशांचा हिशेब पहिल्या दिवसापासून उघडा ठेवावा, कारण ५०० युरोंहून अधिक देणगी देणाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते. मुदत संपल्यावर तीन महिन्यांत सह्या त्या त्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे पडताळणीसाठी द्यायच्या. दुबार किंवा अपुऱ्या सह्या तिथे गळतात. त्यामुळे दहा लाखांवर घसघशीत राखीव साठा असल्याशिवाय मोहीम थांबवू नये.

पुढचा टप्पा संस्थांच्या संयमाची परीक्षा पाहणारा आहे. संसदेत जाहीर सुनावणी होते आणि आयोगाला सहा महिन्यांत कारणांसह उत्तर द्यावे लागते; प्रस्ताव आणण्याचे बंधन मात्र त्याच्यावर नाही. पाण्याच्या हक्कासाठीच्या पुढाकाराने २०१३ मध्ये सोळा लाखांहून अधिक सह्या दिल्या. पिण्याच्या पाण्याचा सुधारित कायदा आला तो २०२० मध्ये. जनावरांना पिंजऱ्यात ठेवण्याविरुद्ध सुमारे चौदा लाख सह्या झाल्या. त्यावर आयोगाने २०२१ मध्ये, २०२३ अखेरपर्यंत प्रस्ताव आणू असे सांगितले. ते वर्ष सरले तरी प्रस्ताव आला नाही. म्हणून सुनावणीसाठी वक्ते निवडतानाच, उत्तर आल्यानंतरची दोनतीन वर्षे खासदार आणि देशोदेशींच्या मंत्रालयांकडे पाठपुरावा कोण करणार, हेही ठरवून त्याच्यासाठी पैसे बाजूला काढावेत.

पुढाकार आयोगाला सादर केल्यापासून एक महिन्यात, किंवा सह्या सुरू झाल्यापासून २१ महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सह्यांचे सगळे फॉर्म आणि त्यांच्या प्रती नष्ट कराव्या लागतात. समर्थकांना पुढची खबर कळवायची असेल, तर त्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने वेगळ्या यादीत आधीच घेऊन ठेवावेत.