काळ्या केसांना सोनेरी छटा देताना

मूळचे काळेभोर केस सोनेरी करता येतात, परंतु त्यासाठी औषध तीव्र असण्यापेक्षा कालावधी पुरेसा असणे महत्त्वाचे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत ब्लीच पावडर आणि तिच्यात कालवायचा डेव्हलपर आता सहज मिळू लागले आहेत. त्यांच्या पुड्यांवरील सूचना मात्र बहुधा इंग्रजीत आणि अतिशय बारीक अक्षरांत छापलेल्या असतात, आणि त्या न वाचताच घरी प्रयोग केला जातो. मराठी वाचणाऱ्यांना ही कृती कारणांसह समजावी, आणि ती करायची की नाही हे त्यांना स्वतः ठरवता यावे, यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

प्रथम केसात काय घडते ते पाहू. केसाचा काळेपणा मुख्यतः युमेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो आणि त्याच्यासोबत फिओमेलॅनिन हे तांबूस-पिवळसर रंगद्रव्य कमी प्रमाणात असते. ब्लीच पावडरमधील अल्कधर्मी घटक केसाचे बाहेरचे खवले उघडतात, आणि तिच्यातील परसल्फेट क्षार व डेव्हलपरमधील हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन या रंगद्रव्यांचे ऑक्सिडीकरण करतात. युमेलॅनिन आधी तुटते, तर तांबूस-पिवळे द्रव्य अधिक काळ टिकून राहते. त्यामुळे काळा केस थेट सोनेरी होत नाही. तो आधी लालसर तपकिरी, मग लाल-नारिंगी, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा होतो. रंगकामात केसांची गडद-फिकट पातळी 1 ते 10 अशी मोजतात. आपल्याकडचे केस बहुतेक 1 ते 3 या पातळीचे असतात आणि सोनेरी म्हणावी अशी छटा 8 च्या पुढे सुरू होते. खोक्यावर सोनेरी केसांचे चित्र असलेला साधा हेअर कलर नैसर्गिक केसांना दोन-तीन, फार तर चार पातळ्या उजळवतो, त्यामुळे काळ्या केसांवर त्याचा परिणाम तांबूस तपकिरीपर्यंतच थांबतो. आधी लावलेला कृत्रिम रंग तर दुसऱ्या हेअर कलरने उतरतच नाही. म्हणूनच काळ्या केसांना ब्लीचशिवाय पर्याय नाही.

लिंबाचा रस लावून उन्हात बसणे, मध, दालचिनी किंवा कॅमोमाइलचा काढा यांविषयी नेहमी विचारले जाते. मधातून अत्यल्प पेरॉक्साइड तयार होते हे खरे, पण काळ्या केसांवर त्याचा दिसण्याजोगा परिणाम होत नाही. लिंबाचा रस त्वचेवर असताना कडक ऊन लागले तर फोड आणि काळे डाग उठू शकतात. चेहऱ्यावरील लव उजळवण्याचे क्रीम डोक्यासाठी नसते. फरशी किंवा कपडे धुण्याचे ब्लीच डोक्याला कधीही लावू नये, ते पूर्णपणे वेगळे रसायन आहे.

यानंतरचा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानते: केसांचा इतिहास. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 40 सेंटिमीटर लांबीच्या केसाच्या टोकाचे वय जवळजवळ तीन वर्षे असते आणि या काळात त्यावर जे जे लावले गेले, ते सर्व तिथे साठलेले असते. आपल्या भागात मेहंदीचा वापर मोठा आहे. शुद्ध मेहंदीतील लॉसोन हे द्रव्य केसातील केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटते आणि ब्लीच करताना ते नारिंगी टप्प्यावर हट्टाने अडून राहते. मेहंदी रात्रभर लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तशी मेहंदी लावलेल्या केसांत लोहाचा अंश राहू शकतो, आणि लोहाच्या संपर्कात पेरॉक्साइडचे विघटन वेगाने होऊन केसांना इजा होते. निळीच्या पानांची पूड मिसळलेल्या मेहंदीवर ब्लीच केल्यास केस हिरवट पडू शकतात. ‘काळी मेहंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत पीपीडी हे रासायनिक रंगद्रव्य असते, तर केस हळूहळू काळे करणाऱ्या काही उत्पादनांत धातूंचे क्षार असतात. धातूंच्या क्षारांवर पेरॉक्साइड पडले की मिश्रण तापते, कधी त्यातून वाफा निघतात आणि केस मुळापाशीच तुटू शकतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आपण डोक्याला काय लावले हे आठवून कागदावर लिहून काढावे, आणि आठवत नसेल तर आई, वहिनी किंवा नेहमीच्या पार्लरमधील ताईंना विचारावे. रिबॉण्डिंग किंवा केस सरळ करण्याची रासायनिक प्रक्रिया झालेल्या केसांतील अंतर्गत बंध आधीच एकदा तोडून जोडलेले असतात, त्यामुळे अशा लांबीवर ब्लीच करू नये, असेच माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचाही विचार करावा. बोअरच्या पाण्याने न्हाणाऱ्यांच्या केसांवर कॅल्शियमचा, आणि काही ठिकाणी लोहाचा, थर बसतो. बादलीच्या कडेला पांढरी खरपुडी किंवा तांबूस डाग दिसत असतील, तर ब्लीचच्या काही दिवस आधी क्लॅरिफायिंग किंवा खनिजे काढणाऱ्या शाम्पूने केस धुऊन घ्यावेत. त्यानंतर मात्र प्रत्यक्ष कामाआधी एक-दोन दिवस डोके धुऊ नये, कारण टाळूवरील नैसर्गिक तेलामुळे जळजळ कमी होते.

टाळूवर जखम, पुरळ किंवा इसब असल्यास, हेअर डायची ॲलर्जी असल्यास हे काम हाती घेऊ नये. दम्याच्या रुग्णांनीही दूर राहावे, कारण परसल्फेटच्या धुळीने दम्याचा त्रास होतो, आणि रोज ही पावडर हाताळणाऱ्या केशकर्मींमध्ये हा एक ज्ञात व्यावसायिक आजार आहे. गर्भवती महिलांनी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा.

आता चाचणी. कामाच्या किमान 48 तास आधी, नंतर वापरायच्या टोनरचा (उजळलेल्या केसांची छटा बदलणाऱ्या रंगाचा) थेंब सूचनांप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून खाज, सूज येते का ते पाहावे. त्याचबरोबर मानेजवळच्या आतल्या केसांची एक बारीक बट कापून घेऊन तिच्यावर ब्लीचचे मिश्रण लावावे आणि दर पाच मिनिटांनी निरीक्षण करावे. मिश्रण तापू लागले, फसफसले किंवा रंग एकाएकी विचित्र झाला, तर केसांत धातूंचे क्षार आहेत असे समजून बेत रद्द करावा. बट व्यवस्थित उजळली, तर ती धुऊन ओली असतानाच हलकेच ताणून पाहावी. थोडी ताणून पूर्ववत होणारी बट सुदृढ असते, आणि रबरासारखी लांबत जाणारी किंवा तटकन तुटणारी बट पुढे जाऊ नका असे सांगत असते. पूर्वी मेहंदी लावलेल्या टोकांची आणि नव्या वाढीची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी, कारण एकाच डोक्यावरचे हे दोन भाग पूर्णपणे वेगळे वागतात.

डेव्हलपरच्या बाटलीवरील 10, 20, 30, 40 हे ‘व्हॉल्यूम’चे आकडे अनुक्रमे 3, 6, 9 आणि 12 टक्के पेरॉक्साइड दर्शवतात. घरी 20 व्हॉल्यूमच्या पुढे जाऊ नये. 40 चा डेव्हलपर लवकर काम उरकतो असे दुकानदार सांगतील, पण त्याने टाळू भाजू शकते, आणि केसाचा रंग एकदम निघण्याच्या घाईत त्याची ताकदही निघून जाते. औषधांच्या दुकानातील पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडही डेव्हलपर म्हणून वापरू नये. ते ओघळून डोळ्यांत जाऊ शकते, आणि मिश्रण केसांवर टिकून राहावे यासाठी लागणारा दाटपणा त्यात नसतो.

प्रत्यक्ष कामासाठी प्लॅस्टिकचे किंवा काचेचे भांडे, रंगाचा ब्रश, रबरी हातमोजे, जुना टॉवेल, प्लॅस्टिकच्या चिमट्या आणि पेट्रोलियम जेली घ्यावी. धातूचे भांडे चालत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालणार नाही: पाणी. मिश्रण वेळेवर धुऊन काढणे हा या कृतीचा प्राण आहे, म्हणून जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे काही बादल्या भरून ठेवल्याशिवाय पुडी फोडूही नये. खिडक्या उघड्या असाव्यात. मागच्या बाजूचे केस स्वतःला नीट दिसत नाहीत, म्हणून बहीण, जाऊ किंवा मैत्रीण यांपैकी कोणाची तरी मदत घ्यावी.

केसांच्या रेषेवर आणि कानांवर जेली लावावी. कोरड्या केसांचे चार भाग करून चिमट्या लावाव्यात. पावडर आणि डेव्हलपरचे प्रमाण पुडीवर दिलेले तेच घ्यावे. ते बहुधा एकास दोन असते. सर्व मिश्रण एकदम न कालवता निम्मे कालवावे, कारण वेळ जाईल तशी त्याची शक्ती कमी होते. अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ बटा घेत, मागच्या भागापासून सुरुवात करून, मुळापासून दोन सेंटिमीटर जागा सोडून लांबीवर मिश्रण भरपूर लावावे. मुळे शेवटी लावायची, कारण टाळूच्या उष्णतेने तिथला केस लवकर उजळतो आणि सुरुवातीलाच तिथे लावल्यास मुळे फिकट आणि लांबी नारिंगी असे दृश्य तयार होते. एप्रिल-मेच्या उकाड्यात ही क्रिया आणखी वेगाने होते, म्हणून त्या दिवसांत घड्याळावर अधिक बारीक लक्ष ठेवावे. ड्रायरची उष्णता देऊ नये. दर पाच-दहा मिनिटांनी एखादी बट पुसून रंग पाहावा आणि पुडीवर दिलेली कमाल वेळ कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये. टाळूला किंचित चुणचुण होणे अपेक्षित असते, परंतु आग होऊ लागली तर रंग कोणत्याही टप्प्यावर असो, लगेच धुवावे. डोळ्यांत थेंब गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. भुवया आणि पापण्यांना हे मिश्रण लावू नये. उरलेले मिश्रण झाकण लावून ठेवू नये, आत वायू साठून डबा फुटू शकतो.

पहिल्या बैठकीनंतर बहुतेकांचे केस नारिंगी दिसतात. तो अपयशाचा रंग नसून वाटेवरचा टप्पा आहे, पण इथेच घाबरून त्याच संध्याकाळी दुसऱ्यांदा ब्लीच लावले जाते आणि केसांचे सर्वाधिक नुकसान तेव्हाच होते. दोन बैठकींमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे, आणि दर वेळी बटेची ताण चाचणी पुन्हा घ्यावी. दुसऱ्या बैठकीत मिश्रण फक्त गडद राहिलेल्या भागालाच लावावे. लग्नाच्या किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या आठ दिवस आधी सुरुवात करणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा, कारण काळ्या केसांना फिकट सोनेरी होण्यास काही महिने लागू शकतात.

मधल्या काळात नारिंगी रंग तसाच मिरवावा लागत नाही. टोनर विरुद्ध रंगाच्या तत्त्वावर काम करतो: निळा नारिंगीला शमवतो, जांभळा पिवळ्याला. म्हणून नारिंगी टप्प्यावर जांभळा टोनर आणि जांभळा शाम्पू जवळजवळ निरुपयोगी ठरतात, आणि अनेकांचे पैसे इथेच वाया जातात. नारिंगीवर निळ्या छटेचा टोनर सौम्य डेव्हलपरसह लावल्यास सुंदर तपकिरी किंवा मधासारखा रंग मिळतो. माझ्या मते आपल्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णाला ही मधाची छटा फार शोभते आणि केसही बरेच शाबूत राहतात, त्यामुळे येथेच थांबण्याचा विचार प्रत्येकीने आणि प्रत्येकाने अवश्य करावा. याहून पुढे जायचे असल्यास केस पिकल्या केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतके फिकट होईपर्यंत उजळवून मग जांभळा टोनर लावावा लागतो, आणि हे काम मात्र अनुभवी हातांकडे सोपवावे. ज्यांच्या केसांवर जुन्या मेहंदीचा थर आहे, त्यांनीही घरी न करता पार्लरमध्ये जावे आणि आपला लिहिलेला कागद तिथे दाखवावा.

उजळलेला केस सच्छिद्र होतो, पाणी आणि रंग दोन्ही पटकन शोषतो. आठवड्यातून दोनदाच, सल्फेट नसलेल्या शाम्पूने आणि कोमट पाण्याने धुवावे, दर वेळी कंडिशनर लावावा आणि कढत पाणी टाळावे. जांभळा शाम्पू केस पिवळे झाल्यावर आठवड्यातून एकदा पुरे. न्हाण्याआधी काही तास लावलेले खोबरेल तेल केसात शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, म्हणून ती जुनी सवय सोडू नये. हळद मात्र सांभाळावी. लग्नाच्या हळदीत, सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत उधळलेला भंडारा अशा केसांवर बसला तर तो पिवळेपणा सहजी जात नाही. मिरवणुकीतील गुलालाचेही तसेच. अशा ठिकाणी जाताना केसांना तेल लावून, वेणी घालून, डोक्यावर पदर किंवा ओढणी घट्ट बांधावी.

साधारण महिना-दीड महिन्याने काळी मुळे स्पष्ट दिसू लागतात. तेव्हा फक्त नव्या वाढीवरच ब्लीच लावावे, आधी उजळलेल्या भागावर ते अजिबात चढू देऊ नये, आणि त्या सीमेवर संरक्षण म्हणून कंडिशनरचा जाड थर द्यावा. हा खर्च आणि ही मेहनत दर खेपेला करायची तयारी नसेल, तर सुरुवातीलाच पूर्ण डोके न उजळवता, मुळे गडद ठेवून मध्यापासून खाली काही बटा उजळवून घ्याव्यात, म्हणजे नवी वाढ उठून दिसत नाही आणि टाळूला रसायन लागतही नाही.