पिकअप आउट ऑफ फेज जोडताय? सोल्डर मारण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात मोटारींची वायंडिंग भरून देणाऱ्या एका काकांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो बारीक तांब्याची तार मागायला. माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाची, कॉइल तुटली होती. काकांनी पिकअप उजेडात धरला, केसाहून बारीक तार बघितली आणि म्हणाले, "एवढी बारीक आमच्याकडं नसते बाळा. पण मला सांग, ह्या कॉइलची सुरुवात कुठली आणि शेवट कुठला?" मला सांगता येईना. "मग जोडणार कसा? थ्री फेज मोटारीत एका कॉइलची सुरुवात-शेवट उलटी लागली तर मोटार नुसती घुमते, तापते, भार उचलत नाही."

गिटारच्या फेजचा विषय मला खऱ्या अर्थानं तिथं कळला. कॉइलला दिशा असते, आणि ती दिशा दुसऱ्या कॉइलच्या मानानं असते. एकट्या पिकअपला 'आउट ऑफ फेज' म्हणण्यात काही अर्थ नाही. सुलटा जोडा की उलटा, एकटा वाजताना तो तसाच ऐकू येतो. प्रश्न दोघं एकत्र वाजायला लागले की येतो. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळंच होतात.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढे घेतलेली तार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये थोडा विद्युतदाब तयार होतो. दोन पिकअप चालू असताना दोघांचा दाब एकाच वेळी वर-खाली झाला तर ते इन फेज. एकाचा वर जाताना दुसऱ्याचा खाली गेला तर आउट ऑफ फेज, आणि मग दोघांत जे समान असेल ते एकमेकांना मारतं. तारेची सर्वांत संथ, मोठी हालचाल दोन्ही पिकअपना जवळपास सारखीच दिसते, म्हणून खर्ज आधी जातो. वरचे स्वरांश प्रत्येक जागी वेगळे असतात, ते उरतात. म्हणून हा आवाज पोकळ, नाकातला, थोडा रडवा येतो. फ्लीटवूड मॅकचा गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारमध्ये नेक पिकअपचं (गिटारच्या मानेकडच्या पिकअपचं) चुंबक उलटं होतं, आणि स्विच मधे, म्हणजे दोन्ही पिकअपवर, ठेवला की येणारा तो आवाज त्याची ओळख झाला. पुढं ती गिटार गिटारवादक गॅरी मूरकडं आणि नंतर मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडं गेली. क्वीन बँडच्या ब्रायन मेनं वडिलांबरोबर १९६३ मध्ये जी गिटार करायला घेतली, तिच्यात तिन्ही पिकअपना चालू-बंदचा आणि फेजचा असे वेगवेगळे स्विच आहेत.

दोन आणि चार नंबरचा गैरसमज

माझ्याकडं येणारी निम्मी पोरं म्हणतात, "दादा, माझ्या स्ट्रॅटमध्ये आउट ऑफ फेज आहे की, दोन नंबरला टाकलं की वाजतं." नाही. स्ट्रॅट म्हणजे फेंडर कंपनीची तीन पिकअपची स्ट्रॅटोकास्टर गिटार. तिच्या पिकअप निवडायच्या स्विचच्या दोन आणि चार नंबरला शेजारचे दोन पिकअप समांतर आणि इन फेज वाजतात. तो खणखणीत, किंचित पोकळ आवाज दोन जागांवरून तार ऐकल्यामुळं येतो. १९५४ च्या स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच होता, वाजवणारे तो मधेच अडकवून हा आवाज काढायचे. पाच जागांचा स्विच कंपनीनं १९७७ मध्ये दिला. खरा आउट ऑफ फेज आवाज एकदा कानांनी ऐका: खर्ज गेलेला असतो आणि आवाजही बराच खाली येतो. शंकाच उरत नाही. हे न ऐकताच स्विच बसवून घेणारे नंतर "गिटार बिघडली" म्हणून परत येतात.

न तपासता सोल्डर मारणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. तपासायला काट्याचा मल्टिमीटर असेल तर उत्तम, डिजिटलही चालतो. गिटार उघडायचीही गरज नाही. जॅकमध्ये केबल लावा, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनच्या टोकाला लाल प्रोब आणि मागच्या धातूच्या भागाला काळा प्रोब धरा. मीटर डीसीच्या सर्वांत लहान पट्टीवर ठेवा, डिजिटल असेल तर २०० मिलिव्होल्टवर. व्हॉल्यूम, टोन पूर्ण उघडे. आता फक्त एक पिकअप निवडा. स्क्रूड्रायव्हरचं पोलादी टोक त्याच्या एका पोलवर (कॉइलच्या मधल्या धातूच्या खुंटीवर) अलगद टेकवा, क्षणभर थांबा आणि झटकन उचला. उचलताना काटा उजवीकडं झटका देतो की डावीकडं, तेवढंच बघायचं. डिजिटलवर क्षणभर आकडा येतो, त्याच्या आधी वजाचं चिन्ह आहे का ते बघा. मग दुसरा पिकअप निवडून हेच करा. दोन्हीकडं झटका एकाच बाजूला असेल तर इन फेज, विरुद्ध असेल तर आउट ऑफ फेज.

एकच पथ्य पाळा. टेकवताना एक झटका येतो आणि उचलताना त्याच्या उलट येतो. त्यामुळं दोन्ही पिकअपवर उचलतानाचाच झटका वाचा. एकदा टेकवतानाचा आणि एकदा उचलतानाचा वाचलात तर निकाल बरोबर उलटा लागेल. कागदावर 'नेक उजवा, ब्रिज डावा' (ब्रिज म्हणजे गिटारच्या बुडाकडचा पिकअप) असं लिहून मगच सोल्डरिंगची इस्त्री तापवा. माझ्याकडची अशी कागदं मी पिकगार्डच्या आत चिकटवून ठेवतो, पुढच्या माणसाला उपयोगी पडतात.

हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर स्क्रूच्या ओळीवर एकदा आणि दुसऱ्या ओळीवर एकदा अशी दोनदा चाचणी करा. दोन्ही ओळींवर झटका एकाच बाजूला आला पाहिजे. आला नाही तर त्या हमबकरच्या आतल्या दोन कॉइलच एकमेकींविरुद्ध जोडल्या गेल्या आहेत. असा हमबकर एकटाच वाजवला तरी बारीक वाजतो, वर घूं घूं करतो. चार तारांचा पिकअप घरी जोडताना हे हमखास होतं.

आणि ते होतं रंगांवर विश्वास ठेवल्यामुळं. सेमोर डंकन कंपनीच्या पिकअपच्या चार तारांमध्ये काळी तार सिग्नलची, हिरवी ग्राउंडची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या. डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये लाल सिग्नलची, हिरवी ग्राउंडची, काळी आणि पांढरी जोडायच्या. एकाचा तक्ता बघून दुसऱ्याचा पिकअप जोडला की गडबड ठरलेलीच. रंग हे कंपनीनं आपल्या सोयीनं ठरवलेले असतात. स्वस्तातल्या बिननावाच्या पिकअपला तर मीटर लावल्याशिवाय हात लावू नका.

जाळीची तार उलटी जोडणं

ही चूक माझ्या हातून झालेली आहे. राजारामपुरीतल्या एका वाजवणाऱ्या पोराची जुन्या पद्धतीची हमबकरची गिटार होती. त्याला मधल्या जागेला पीटर ग्रीनचा आवाज हवा होता. त्या पिकअपला बाहेर धातूची विणलेली जाळी आणि आत एक तार. मी विचार केला, दोन टोकं आहेत, अदलाबदल करू. आतली तार ग्राउंडला लावली, जाळी सिग्नलला. झाकण लावलं, अँप चालू केला तर नेक पिकअपला आवाजच नाही. झाकण काढून गिटार उलटी धरली की आवाज यायचा, सुलटी केली की जायचा.

कारण साधं होतं. ती जाळी आता सिग्नल घेऊन चालली होती आणि पोकळीत पॉटच्या (व्हॉल्यूम-टोन फिरवायच्या भागाच्या) पाठीला टेकली की सगळा सिग्नल ग्राउंडमध्ये जात होता. जाळीला टेप गुंडाळून ते थांबवलं, तर दुसरं दुखणं उभं राहिलं. पिकअपचं धातूचं कव्हर जाळीलाच जोडलेलं असतं, म्हणजे कव्हरही सिग्नलवर. बोट लागलं की कर्रर्र, आणि एरवी कव्हर अँटेनासारखं खोलीतला सगळा गोंगाट ओढून घ्यायचं. त्या पोराला दुसऱ्या दिवशी वाजवायचं होतं, म्हणून मी रात्री सगळं पूर्ववत करून दिलं. पुढं त्यानं पुन्हा गिटार आणली तेव्हा काम नीट झालं.

अशा पिकअपला दोनच मार्ग आहेत. जाळी आणि कव्हर कायम ग्राउंडला ठेवून कॉइलची दोन टोकं वेगळ्या तारांनी बाहेर काढायची, किंवा तारांना हात न लावता चुंबक फिरवायचं. टेलिकास्टरच्या नेक पिकअपचं तसंच आहे. त्याचं कव्हर एका छोट्या तारेनं काळ्या टोकाला जोडलेलं असतं. टोकं उलटवण्याआधी ती छोटी तार कापा आणि कव्हरला स्वतंत्र तिसरी तार लावून ग्राउंड करा. स्ट्रॅटच्या पिकअपला प्लॅस्टिकचं कव्हर, त्यामुळं तिथं नुसती अदलाबदल चालते.

चुंबक फिरवलं, पण फिरलंच नाही

हमबकरमधल्या पट्टीच्या चुंबकाचे ध्रुव तिच्या लांब कडांवर असतात. एक कड स्क्रूच्या बाजूला, दुसरी दुसऱ्या ओळीच्या बाजूला. फेज उलटायचा तर कडांची अदलाबदल झाली पाहिजे. काढण्याआधी स्क्रूकडच्या कडेला मार्करची रेघ मारा. बसवताना रेघ दुसऱ्या बाजूला गेलेली दिसली पाहिजे. पट्टीचं डावं टोक उजवीकडं आणि वरची बाजू खाली असं दोन्ही एकदम करून बसवलीत तर रेघ होती तिथंच राहते. दोन तासांचं काम होतं आणि आवाजात काडीचा फरक पडत नाही. असं करून चुंबकाला दोष देणारे मी बघितलेत.

स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये पोल हेच चुंबक असतात आणि तार थेट त्यांच्यावरच गुंडाळलेली असते. ते ढकलून बाहेर काढू नका. आतली तार साधारण ०.०६३ मिलिमीटरची, पहिल्याच धक्क्याला तुटते. मी काकांच्या दुकानात का गेलो होतो, ते वर सांगितलंच आहे.

स्विच

फेज स्विच म्हणजे पिकअपची दोन टोकं हवं तेव्हा उलटवणारा स्विच. त्याला सहा पिनांचा, दोन जागांचा स्विच लागतो, किंवा ओढून वर घ्यायचा पुश-पुल पॉट. मधे 'बंद' जागा असलेला स्विच चुकून आणू नका, मधे आला की पिकअप मुका होतो. कोपऱ्यातल्या पिनांवरच्या तिरक्या तारा एकमेकींना टेकणार नाहीत यासाठी स्लीव्ह (प्लॅस्टिकची बारीक नळी) घाला. पुश-पुल पॉट खोल असतो, गिटारची पोकळी मोजून घ्या. पिनांवर इस्त्री दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, आतलं प्लॅस्टिक वितळून पिना हलायला लागतात.

स्विच बसवून एकच पिकअप लावून "काही फरकच पडत नाही" म्हणणारे खूप असतात. स्विच बरोबर असतो, फक्त फरक पडायला दोन पिकअप चालू लागतात.

घूं घूं वाढली

गणपतीत पेठेतल्या तालमीच्या मांडवात वाजवलेल्या माणसाला हे लगेच समजेल. डोक्यावर दिव्यांच्या माळा, शेजारी डिमर, आणि सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) घुमत राहतो. फेज स्विच टाकल्यावर ही घूं कमी होईल की वाढेल, हे तुमच्या पिकअपवर अवलंबून आहे.

दोन्ही पिकअप अगदी सारखे असतील, चुंबकाची आणि वेढ्यांची दिशा एकच असेल, तर एरवी तारांचा आवाजही एकत्र होतो आणि घूंही. एकाची टोकं उलटवली की आवाजाचा खर्ज जातो, पण घूंही मरते. हल्लीच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मात्र मधला पिकअप वेढ्यांनी आणि चुंबकानं, दोन्हींनी उलटा असतो. म्हणून दोन आणि चार नंबरला घूं गप्प असते. तिथं मधल्याची टोकं उलटवलीत तर तारांचे आवाज एकमेकांना मारतात आणि घूंची मात्र बेरीज होते. आवाज कमी, गोंगाट जास्त. पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून हे जात नाही, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय घूंला ती अडवत नाही.

अशा गिटारला माझा सल्ला असा: नेक आणि ब्रिज एकत्र लागतील असा एक छोटा स्विच घाला आणि फेज स्विच ब्रिज पिकअपला द्या. त्या गिटारचे नेक आणि ब्रिज सहसा एकाच दिशेचे असतात, त्यामुळं उलटवल्यावर घूं मरते. शिवाय दोघांत अंतर जास्त असल्यानं खर्ज पूर्ण जात नाही. शेजारच्या दोन पिकअपपेक्षा हा आवाज मला कितीतरी जास्त कामाचा वाटतो.

आवाज फारच बारीक येतोय

जोडणी बरोबर असूनही ही तक्रार येतेच. दोन्ही पिकअप जितके सारख्या ताकदीचे, तितका खर्ज जास्त जातो. लेस पॉलसारखे दोन वेगळे व्हॉल्यूम असतील तर एक दहावर ठेवा आणि दुसरा सात-आठपर्यंत हळूहळू उतरवा. मधे एका जागी अंग परत येतं आणि नाकातला स्वरही टिकतो. ती जागा कानांनीच शोधायची, प्रत्येक गिटारला वेगळी असते. एकच व्हॉल्यूम असेल तर एका पिकअपची उंची स्क्रूच्या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं खाली घ्या.

तरीही पुरेना, तर उलटवलेल्या पिकअपच्या सिग्नलच्या वाटेत ओळीनं एक कपॅसिटर घाला. ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरॅडपासून सुरुवात करा. कपॅसिटर त्या पिकअपचा खर्ज अडवतो, मग दुसऱ्याच्या खर्जाला मारायला कोणी उरत नाही, आणि वरचे स्वर मात्र एकमेकांना कापत राहतात. कपॅसिटर कायमचा सोल्डर करण्याआधी मगरीच्या चिमट्यांनी दोन-तीन मूल्यं लावून बघा, जिथं वाजवणार तिथल्या अँपवर आणि तिथल्या आवाजाला. राजारामपुरीतल्या त्या पोराच्या गिटारला चुंबक फिरवल्यावर कपॅसिटर लागलाच नाही. नेकचा व्हॉल्यूम सातवर आणला आणि त्यानं मान वर न करता पाऊण तास वाजवलं.