नाट्यशिबिरात मुलांच्या हातात अभिजात नाटक कसं द्यायचं

दहा दिवस, रोज दोन-अडीच तास, आठ ते तेरा वयाची पंधरा-वीस मुलं असं धरून लिहितेय. हॉल, पाणी, पालकांचे नंबर वगैरे तुम्ही बघालच.

पहिली गोष्ट, अख्खं नाटक करायच्या मागे लागू नका. शूद्रकाचं संस्कृत नाटक मृच्छकटिक दहा अंकी आहे, हॅम्लेट न कापता केलं तर चार तासांच्या घरात जातं, आणि ते छाटून अर्ध्या तासात कोंबलं की उरतं फक्त कथानक. एक प्रवेश घ्या. माझे ठरलेले तीन आहेत. मृच्छकटिकच्या सहाव्या अंकातला मातीच्या गाडीचा प्रवेश, शेक्सपिअरच्या मिडसमर नाइट्स ड्रीममधले नाटक बसवणारे कारागीर, आणि भासाचं मध्यमव्यायोग, जे मुळातच एकअंकी आहे (घटोत्कच 'मध्यमा' अशी हाक मारतो एका ब्राह्मणाच्या मधल्या मुलाला आणि येतो कुंतीचा मधला मुलगा भीम, मुलांना हे प्रचंड आवडतं). लाजरी मुलं जास्त असतील तर कारागीरच घ्या. त्यात सिंह होणारा स्नग आधीच सांगतो की माझं पाठांतर हळू होतं, तर त्याला उत्तर मिळतं की पाठ काही करायचंच नाही, नुसती डरकाळी आहे.

पहिले दोन दिवस स्क्रिप्ट बॅगेतून बाहेर काढू नका. गोष्टही आधी सांगून टाकू नका, 'मुलांना आधी कथा समजली पाहिजे' हा सल्ला मला अजिबात पटत नाही, शेवट कळला की खेळण्यातली मजाच जाते. फक्त परिस्थिती द्या. शेजारच्या मुलाकडे सोन्याची गाडी होती, तू तिच्याशी खेळलास, ती त्याने परत नेली, आता तुझ्या हातात मातीची दिलीय. खेळा. स्वतःच्या भाषेत, जोड्या बदलून, प्रत्येकाने प्रत्येक भूमिका.

तिसऱ्या दिवशी खरी अडचण येते, आणि इथे मी पहिली दोन-तीन वर्षं चुकत होते. मुलांच्या स्वतःच्या वाक्यांवरून नाटकाच्या वाक्यांवर यायचं कसं? पहिल्या वर्षी मी संहिता वाटली आणि पाठ करून आणा म्हटलं. सगळी मुलं एका सुरात, पाढे म्हटल्यासारखी बोलायला लागली. म्हणून पुढच्या वर्षी मी सगळं सोपं करून लिहिलं. मातीच्या गाडीच्या प्रवेशात दासी गरीब झालेल्या चारुदत्ताच्या मुलाला, रोहसेनाला, सांगते की ही घरी आलेली वसंतसेना म्हणजे तुझी आईच, तर मी त्याच्या तोंडी घातलं, 'नाही, ही माझी आई नाही.' सोपं, पण साफ चूक. मूळ नाटकात तो म्हणतो, ही माझी आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे? घरची गरिबी त्या लेकराने एका प्रश्नात सांगून टाकलीय, आणि तो प्रश्न ऐकूनच वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्याला देते, सोन्याची गाडी करून घे म्हणते. माझ्या वाक्यानंतर ती दागिने का काढते तेच कुणाला कळेना.

तेव्हापासून माझा नियम एकच, कापा पण बदलू नका. प्रवेशातली तीनच वाक्यं निवडा, चिठ्ठ्यांवर लिहा, आणि सांगा की बाकी सगळं तुमच्या मनाने बोला, फक्त या तीन जागी हीच वाक्यं यायला पाहिजेत. त्याच्या पुढच्या दिवशी सहा चिठ्ठ्या, मग दहा. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत चिठ्ठ्या जोडून जोडून प्रवेश तयार होतो आणि पाठांतर वेगळं करावं लागत नाही.

वाक्य तुम्ही म्हणून दाखवू नका, कितीही मोह झाला तरी. एकदा दाखवलंत की पुढचे सात दिवस स्वतःचीच नक्कल ऐकत बसाल. त्याऐवजी काहीतरी करायला द्या. एक नऊ वर्षांचा मुलगा ते दागिन्यांचं वाक्य रोज ओरडून म्हणायचा. मी त्याला एवढंच सांगितलं की बोलायच्या आधी तिच्या हातातल्या बांगड्या मोज. तो पुढे वाकला, ओठ हलवत मोजल्या, मोजून झाल्यावर वर तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग बोलला, इतकं हळू की मागची मुलं आपोआप पुढे सरकून बसली.

चिठ्ठ्या घरी देऊ नका, घरून हातवारे शिकून येतात आणि ते काढता काढता दोन दिवस जातात.

पालक विचारतात की वसंतसेना गणिका आहे, मुलांना काय सांगता? मी सांगते की ती नृत्य-गायनात निपुण, श्रीमंत बाई आहे आणि तिचं चारुदत्तावर प्रेम आहे. मुलांना तेवढं पुरतं. शकार, म्हणजे नाटकातला खलनायक, राजाचा मेहुणा, मात्र मी फक्त वॉर्मअपला घेते, तेही तो वसंतसेनेचा पाठलाग करतो तो भाग वगळून. तो 'स'ला 'श' म्हणतो आणि द्रौपदी रामाला घाबरली अशा थाटात पुराणांचा घोटाळा करतो, चूक पकडेल त्याने टाळी वाजवायची.

भूमिका पाचव्या दिवशी ठरवा, त्याआधी नको. नेपथ्य नको, कपडे घरचेच, मातीची गाडी तेवढी मुलांकडूनच बनवून घ्या.

शेवटच्या दिवशी प्रयोग संपला की मुलांना गोल बसवा आणि मृच्छकटिकचा नववा अंक वाचायला घ्या. चारुदत्त न्यायालयात उभा आहे, त्याच्यावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ आहे, आणि झटापटीत त्याच्या मित्राच्या, मैत्रेयाच्या काखेतून रोहसेनाला दिलेले तेच दागिने सगळ्यांसमोर खाली पडतात. तिथे वाचन थांबवा, पुस्तक मिटून मध्ये ठेवा आणि आवराआवरीला लागा.