ओव्हनचा टायमर लावून बाहेर जाताय? या चुका टाळा

सकाळी मसाला लावलेलं चिकन ओव्हनमध्ये ठेवायचं, ओव्हन आपोआप चालू होण्यासाठी संध्याकाळी ६ ची वेळ लावायची आणि मिहानला (नागपूरचा उद्योग परिसर) ड्युटीवर निघायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात हे करूच नका. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या घरात असतो, घर बंद, कूलरही बंद. मग स्वयंपाकघराची काय भट्टी होते ते आपल्याला माहीतच आहे. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून कच्चं मांस, मासे, दूध, पनीर, शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचा नाही. ३२ अंशांच्या वर तर एकच तास.

"नंतर २०० अंशांवर शिजणारच आहे ना?" असं बरेच जण म्हणतात. जंतू मरतील, पण स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंनी तोवर सोडलेलं विष शिजवूनही जात नाही. वासावरून, चवीवरून ते कळतही नाही.

टायमर लावून जायचंच असेल तर सालासकट बटाटे, रताळी किंवा बीट ठेवा. केकचं मिश्रण नको. सोड्याचा गॅस आधीच उडून जातो आणि केक बसतो.

दुसरी गोष्ट लाईटची. दोन मिनिटं जरी लाईट गेली तरी बऱ्याच ओव्हनचं घड्याळ ०:०० वर येऊन लुकलुकत राहतं आणि लावलेली वेळ पुसली जाते. घरी आल्यावर आधी घड्याळ बघा. ते लुकलुकत असेल आणि आत मांस किंवा दुधाचं काही असेल तर जीव कितीही हळहळला तरी टाकून द्या. घड्याळ २४ तासांचं असेल तर संध्याकाळचे ७ म्हणजे १९:००, हेही तपासा.

काही ओव्हनमध्ये नुसता घंटीचा टायमर असतो. तो वाजतो, ओव्हन बंद करत नाही. आपला कुठला आहे ते घरी असताना, रिकामा ओव्हन पाच मिनिटं लावून बघा. ओटीजीचा (ओव्हन-टोस्टर-ग्रिलचा) टायमर 'स्टे ऑन'वर राहिला तर तो आपोआप बंद होतच नाही, तसा सोडून घराबाहेर पाऊल टाकू नका.

वेळ लावण्याआधी दार उघडून आत बघा. अनेक घरांत तिथे कढया आणि प्लॅस्टिकचे डबे ठेवलेले असतात. आणि प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच हवा, कूलर लावलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर मुळीच नको.