अरुंद चॅनलमध्ये बोट चालवायला शिकताय? वळणावर समोरच्या जहाजाचं तोंड बघून निर्णय घेऊ नका

नवीन शिकणाऱ्यांसाठी लिहितोय. लाइफ जॅकेट, इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणं, डिझेल, भरती-ओहोटीच्या वेळा, तुमच्या भागात आत येताना लाल बोया (वाटेची कड दाखवणारी तरंगती खूण) कुठल्या हाताला ठेवायचा, हे सगळं येतं असं धरून चालतोय. येत नसेल तर आधी ते करा, मग हे वाचा. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे. म्हणजे चॅनल (बोयांनी आखलेली जहाजांची पाण्यातली वाट) अरुंद आहे, समोरून मोठं जहाज येतंय, मागून फेरी घाई करतेय, कडेला छोट्या होड्या आहेत आणि सुकाणू तुमच्या हातात आहे. तेव्हा पोटात जो गोळा येतो ना, तो मला अजून आठवतो.

नियम सगळ्यांनी वाचलेले असतात. १९७२ चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम, १९७७ पासून लागू झालेले, ज्यांना सगळे कोलरेग म्हणतात. त्यातला नियम ९ अरुंद चॅनलचा. चॅनलच्या उजव्या कडेला, सुरक्षित असेल तितकं कडेला राहायचं. तुमची बोट २० मीटरपेक्षा लहान असेल किंवा शिडाची असेल, तर ज्या जहाजाला चॅनल सोडून बाहेर जाताच येत नाही त्याच्या वाटेत यायचं नाही. त्याला अडथळा होणार असेल तर चॅनल ओलांडायचं नाही. मी हे घोकून पाठ केलं होतं, परीक्षेत भोंग्यांचे सिग्नल सगळे बरोबर लिहिले होते. तरी दुसऱ्याच महिन्यात फसलो. ते कसं झालं ते सविस्तर सांगतो, कारण ही चूक हुशार माणूसच करतो, आणि करताना त्याला आपण बरोबर आहोत असंच वाटतं.

आमची लाँच ८ मीटरची, सुकाणूवर मी, आमचे तांडेल (बोटीचे प्रमुख) मागे दोर गुंडाळत होते. चॅनल पुढे डावीकडे वळत होतं. मी नियमाप्रमाणे उजव्या कडेला, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला. वळणापलीकडून एक मालवाहू जहाज आलं. आता नीट डोळ्यासमोर आणा. ते पलीकडच्या सरळ भागातून येतंय, त्यामुळे मला त्याची उजवी बाजू आडवी दिसतेय, आणि त्याचं तोंड माझ्या उजव्या काठाकडे आहे. म्हणजे मी जिथे आहे त्याच कडेकडे ते निघालंय असं दिसतं. आणि डावीकडे, आतल्या बाजूला, पाणी अगदी मोकळं. माझ्या डोक्यात काय आलं, की हे माझ्या बाजूला येतंय, त्याची हिरवी बाजू (म्हणजे उजवी, हिरव्या दिव्याची) मला दिसतेय, माझी हिरवी त्याला दिसेल, हिरवं-हिरवं पार होऊ. आणि मी डावीकडे गेलो.

जहाज माझ्या काठाकडे येतच नव्हतं. ते वळणाकडे येत होतं. वळणावर पोचलं की ते त्याच्या उजवीकडे वळणार आणि आतल्या बाजूने खाली येणार, कारण त्याची उजवी कड तीच. म्हणजे मी मोकळं पाणी समजून ज्या जागेत घुसलो ती त्याची जागा होती, फक्त ते अजून तिथे पोचलं नव्हतं.

मग पाच आखूड भोंगे झाले, एकामागोमाग एक. पाच किंवा जास्त आखूड भोंगे म्हणजे तुझं काय चाललंय ते मला कळत नाही, मला शंका आहे. पेपरात मी हे लिहिलं होतं, पण त्या क्षणी मला वाटलं ते दुसऱ्या कोणासाठी आहेत, मी मागे वळून बघितलंसुद्धा. तांडेल दोर टाकून आले, सुकाणू पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि ओरडले, "अरे जहाजाकडे काय बघतोस, बोयांकडे बघ!"

आम्ही परत कडेला पोचलो तोवर त्याचं तोंड वळलं होतं आणि त्याचा पुढचा भाग आमच्या डावीकडून गेला, इतका जवळून की गंजावरून ओघळलेले तपकिरी डाग स्पष्ट दिसत होते. मला वाटलं सुटलो. पण सुटलो नव्हतो. मोठं जहाज गाडीसारखं वळत नाही. ते साधारण तोंडापासून एक तृतीयांश लांबीवर असलेल्या एका जागेभोवती फिरल्यासारखं वळतं, त्यामुळे पुढचं टोक आत जातं आणि मागचं टोक वळणाच्या बाहेर फेकलं जातं. हिशोब करून बघा: १८० मीटरचं जहाज असेल तर त्या जागेच्या मागे १२० मीटर उरतात, आणि जहाज नुसतं १० अंश वळलं तरी मागचं टोक साधारण २० मीटर बाहेर येतं. अरुंद चॅनलमध्ये २० मीटर म्हणजे तुमची सगळी मोकळी जागा.

आणि त्यानंतर पाणी. हे कोणी सांगितलंच नव्हतं मला. जहाज शेजारून जाताना कडेचं पाणी आधी ओढलं जातं, आमच्या उजवीकडे काठाचा चिखल उघडा पडला, लाँच खाली बसल्यासारखी झाली, आणि मग तेच पाणी उसळून परत आलं. आमचा एक खलाशी उभा होता तो गुडघ्यावर आपटला. जहाज तोवर पुढे गेलेलं होतं. म्हणून सांगतो, जहाज गेलं म्हणजे झालं असं धरू नका, त्याचं पाणी यायचं बाकी असतं. लोकांना बसायला सांगा, हात कठड्याच्या आत घ्यायला सांगा, आणि अगदी उथळात चिकटून राहू नका. लाट आली की तिला बोटीची कूस देऊ नका, जागा असेल तर तोंड थोडं तिरकं तिच्याकडे करा.

तर मुद्दा हा. वळणावर समोरच्याचं तोंड कुठे आहे यावरून तो कुठे जाणार हे ठरवू नका. तो चॅनल धरून जाणार आहे, आणि चॅनल कुठे जातंय ते बोये सांगतात. तुम्ही बोयांची रांग बघा, मनात त्या रांगेवरून त्याचं जहाज चालवा, मग कळेल तो दोन मिनिटांनी कुठे असेल. आणि डावीकडे कितीही मोकळं दिसलं तरी डावीकडे जायचं नाही. काही कळलं नाही तर वेग कमी, उजवी कड, थांबून बघा.

आणखी चांगलं म्हणजे वळणात मोठ्या जहाजाला भेटायचंच नाही. वळण येण्याआधी, पलीकडचं दिसत नसेल तर एक लांब भोंगा द्यायचा असतो, ४ ते ६ सेकंदांचा, आणि पलीकडून कोणी असेल तर त्यानेही तसाच द्यायचा असतो. छोट्या बोटीवाले लाजतात भोंगा द्यायला, मीही लाजायचो. देऊन टाका. पलीकडून उत्तर आलं तर अलीकडच्या सरळ भागात कडेला हळू व्हा, त्याला वळण पूर्ण घेऊ द्या. दोन-तीन मिनिटं जातात, बाकी काही नाही.

घाबरवायचं म्हणून सांगत नाही. खरं तर छोटी बोट असणं ही मोठी सोय आहे. आमची लाँच पाण्यात जेमतेम १ मीटर बुडायची, जहाजाला १० मीटर लागत असतील. नवीन मुलं मध्यभाग धरतात कारण कडेला लागेल अशी भीती असते. त्यावर उपाय घरी आहे: आदल्या दिवशी नकाशा काढा, ओहोटीला पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा कडेला किती उरतं ते वाचा, वहीत लिहा. बऱ्याच ठिकाणी बोयांच्या बाहेरही आपल्यापुरतं पाणी असतं, आणि असेल तर सरळ बाहेरून जा, मोठ्यांची वाटच सोडा. पण न बघता नाही. "सगळे जातात तिथून" हे ऐकून कोणी बाहेर गेला आणि तळाला लागला की तो चॅनलच्या तोंडाशी सगळ्यांना अडचण होऊन बसतो.

जहाज थांबेल, वळेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं समजून घ्या. रडरवरून (सुकाणूने फिरणारं पाण्याखालचं पातं) पाणी वाहतं तेव्हाच जहाज वळतं. इंजिन बंद केलं की वेग लगेच जात नाही पण सुकाणूचा जोर जातो, म्हणजे ते थांबतही नाही आणि वळतही नाही. शिवाय काठाजवळ गेलं की काठ त्याचं मागचं टोक ओढून घेतो आणि तोंड विरुद्ध बाजूला ढकलतो. त्यामुळे जहाज मध्यभाग धरून येतं तेव्हा तो माज नसतो, त्याला दुसरी जागाच नसते. आणि संथ दिसतं ते संथ नसतं. १० नॉट वेगाने १ किलोमीटर यायला त्याला सव्वातीन मिनिटं पुरतात. "तेवढ्यात निघून जाऊ" म्हणत कोणी पुढून ओलांडतो आणि मध्येच इंजिन बंद पडतं, मग काय करणार? ओलांडायचं तर मागून, काटकोनात, झटपट. पुढच्या तोंडाखाली तर जाऊच नका. नियमानेच जहाजाच्या तोंडासमोर दोन जहाजलांब्या किंवा ५०० मीटर, जे कमी असेल तितकं पाणी ब्रिजवरून (जिथून जहाज चालवतात ती वरची खोली) न दिसणं चालतं. तुम्हाला त्यांच्या ब्रिजच्या खिडक्या दिसत नसतील तर तुम्हीही त्यांना दिसत नाही.

टग (ओढणारी बोट) आणि त्याच्यामागे बार्ज (ओढला जाणारा सपाट मालवाहू तराफा) यांच्यामधून कधीही जायचं नाही, मध्ये दोर असतो आणि तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. रात्री पुढच्या बोटीवर एकाखाली एक दोन किंवा तीन पांढरे दिवे दिसले की मागे काहीतरी ओढलं जातंय असं समजा.

आता गुरूंबद्दल बोलतो, कोणाला पटो न पटो. पहिल्याच दिवशी "घे सुकाणू" म्हणणाऱ्यापासून जपा. छान वाटतं, पण तो शिकवत नाही, त्याला चहा प्यायला वेळ हवा असतो. आणि तुमची जरा चूक झाली की कायम हातातून सुकाणू काढून घेणारा, तोही नको. आमच्या तांडेलांनी त्या दिवशी कडेला आणून, लाट जाऊ देऊन, सुकाणू परत माझ्याच हातात दिलं. माझे हात थरथरत होते, तरी दिलं. पुढच्या वळणाला शेजारी उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मी आज हे काम करतो ते त्यामुळे.

शॉर्टकटचं म्हणाल तर मोबाइलवर जहाजं दाखवणारी ॲप्स उपयोगी आहेत, पण किनाऱ्यावर बसून, आज कोण येणार-जाणार ते बघायला. पाण्यात असताना त्या ठिपक्यावर विसंबू नका, तो उशिरा सरकतो, आणि ज्या होडीवर ट्रान्समीटर नाही ती तिथे नसतेच. जुने प्रश्न पाठ करून परीक्षा होते पण भोंगा वाजला की पाठांतर आठवत नाही, हे मी भोगलंय. त्यापेक्षा जेटीवर एक तास उभं राहा, येणाऱ्या प्रत्येक बोटीचा सिग्नल मोठ्याने म्हणा: एक आखूड म्हणजे उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे चालवतोय.

रीतीभातीचं. बांधलेल्या बोटी, वल्ह्याच्या होड्या, पाण्याशी वाकून काम करणारी माणसं दिसली की वेग आधीच कमी करा. शेजारी आल्यावर केलात तर काही फायदा नाही, तुमची मागची लाट तुम्हाला गाठून पुढे जाते आणि त्यांच्यावरच आदळते. ओव्हरटेक करायचं तर समोरच्याला कळू द्या, आणि तुम्हाला कोणी ओव्हरटेक करत असेल तर तुम्हीही थोडं हळू व्हा, म्हणजे त्याला कमी वेगात, कमी लाटेत पार होता येईल. हे फार कमी लोक करतात. मनात अढी असते, आपण का हळू व्हायचं. व्हा. चॅनलमध्ये फोटोसाठी थांबू नका, नाइलाज असल्याशिवाय नांगर टाकू नका, पण नांगर तयार मात्र कायम ठेवा, दोरासकट, कपाटात नाही. २ नॉटचा प्रवाह असेल तर बंद पडलेली बोट मिनिटाला ६० मीटर वाहत जाते. रेडिओवर चॅनल १६ (संकटात आणि एकमेकांना हाक मारायचा) गप्पांसाठी नाही, आणि तिथले पायलट (मोठ्या जहाजांना वाट दाखवणारे) ज्या चॅनलवर बोलतात तोही ऐकत राहा. कोण कुठल्या वळणाला पोचलंय ते आधीच कळतं आणि निम्मी भीती तिथेच जाते.

भीतीचं म्हणाल तर हात थरथरणं माझं तीन-चार महिने चाललं. कोणाला सांगितलं नाही तेव्हा, सांगायला हवं होतं. तुमचेही थरथरत असतील तर शेजारच्याला सांगा, तो वेग सांभाळेल, तुम्ही नुसती कड सांभाळा, असं वाटून घेता येतं.

ते डावं वळण माझ्या रोजच्या वाटेवर आहे. मी अजूनही अलीकडच्या शेवटच्या बोयाला वेग कमी करतो, एक लांब भोंगा देतो आणि ऐकतो. जहाज असेल तर उजव्या कडेला थांबून त्याचं मागचं टोक पूर्ण पार होऊ देतो, कडेचं पाणी ओढलं जातं ते बघतो, ते परत येऊन बोया डुलायचा थांबला की मग निघतो.