जुना ॲडव्हेंचर गेम नव्याने करताय? या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी पोरगा लॅपटॉप घेऊन माझ्या बजाजनगरच्या खोलीवर येतो. "दादा, जुना पॉइंट-अँड-क्लिक गेम आहे, माउसने वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायचा. सगळी बॅकग्राउंडं एआयने चौपट केली. दोन आठवड्यांत रिलीज करतो." मी विचारतो, मूळ गेम शेवटपर्यंत खेळलास का? "व्हिडिओ पाहिला ना!" मग मी चहा ठेवतो, कारण आता वेळ लागणार असतो.

मीही आधी ठेच खाल्ली आहे. आम्ही तिघांनी मूळ कर्त्याची लेखी परवानगी काढून 256 रंगांचा एक छोटा डॉस गेम हाती घेतला होता. मे महिना, नागपूरचं ऊन, कूलरमध्ये सारखं पाणी ओतायचं आणि मधल्या वेळात बॅकग्राउंडं रंगवायची. काम झालं म्हणून भाच्याला खेळायला बसवलं. नदीकाठच्या सीनमध्ये तो पाऊण तास अडकला. शेवटी वैतागून म्हणाला, "मामा, या तळ्यात करायचं काय बे?"

तळं कुठलं, ती नदी होती! मूळ गेममध्ये पाणी वाहायचं आणि ते कुठल्या बाजूला वाहतंय हे बघूनच चिठ्ठीची बाटली कुठून सोडायची ते कळायचं. आमचं पाणी जागच्या जागी थिजलेलं. त्या काळी असं पाणी बऱ्याचदा वेगळ्या फ्रेम काढून हलवत नसत. चित्र तेच राहायचं, फक्त पॅलेटमधले, म्हणजे क्रमांक दिलेल्या रंगांच्या यादीतले, सात-आठ निळे रंग आपसात जागा बदलायचे. त्यात मेमरीची बचत व्हायची. आम्ही मात्र चित्र ट्रूकलर पीएनजी करून बाहेर काढलं, म्हणजे प्रत्येक ठिपक्यात क्रमांकाऐवजी थेट रंगच भरला, रंगांचे क्रमांक गेले आणि त्यांच्यासोबत नदीही गेली. सगळं पुन्हा केलं.

तेव्हापासून माझी सवय अशी: डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम) मूळ गेम लावायचा, प्रत्येक सीनवर माउस सोडून दोन मिनिटं नुसतं बसायचं आणि जे जे हलतं ते वहीत लिहायचं. दिवा, धूर, पाणी, खिडकीतला उजेड. क्रमांकांचं मूळ चित्र मास्क म्हणून, म्हणजे कुठला भाग हलतो ते दाखवणारा साचा म्हणून, जपून ठेवतो. शेडरने (ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) रंग फिरवणारे फिरवोत, मी हाताने आठ फ्रेम काढतो.

दुसरा माझा राग चपट्या चंद्रावर. 320 × 200 चं चित्र त्या काळी 4:3 च्या मॉनिटरवर पूर्ण पडदाभर दिसायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या 1.2 पट उंच. आजच्या पडद्यावर तेच चौकोनी पिक्सेलने दाखवलं की माणसं बुटकी होतात, आणि वरून 16:9 मध्ये ताणलं की चंद्राची भाकरी होते. 1080 च्या पडद्यावर 1440 × 1080 घ्या, दोन्ही बाजूंना 240 पिक्सेल काळं राहू द्या. काळ्या पट्ट्यांची लाज कशाला? मात्र काही चित्रकारांनी मुळातच चौकोनी पिक्सेल धरून काढलेलं असतं, म्हणून डोळे झाकून नियम लावू नका. गेममधली एखादी गोल वस्तू शोधा, थाळी, घड्याळ, चाक काहीही, आणि पडद्याला पट्टी लावून मोजा. मी खरंच प्लास्टिकची पट्टी लावतो, पोरं हसतात.

एआयबद्दल थोडक्यात: कमी रंगांत छटा दाखवायला चित्रकार ठिपक्यांची जाळी करायचे. यंत्राला ती जाळी म्हणजे कापडाची वीण वाटते आणि आकाशाला गोणपाट चढतं.

मराठी सबटायटल देणार असाल तर आधी 'किर्ती' नव्हे, 'कीर्ती' लिहा, आणि मग ती पडद्यावर नीट उमटते का ते बघा. गेम चालवणारी जुनी इंजिनं एका बाइटला एक अक्षर काढतात. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, रफार हवेत लटकतो, जोडाक्षरं फुटतात. हार्फबझ (अक्षरं नीट जुळवून देणारी लायब्ररी) जोडा, नाहीतर ओळी चित्र म्हणून आधीच तयार ठेवा. आणि विनोदाचं शब्दशः भाषांतर नको. 1991 च्या दुसऱ्या 'मंकी आयलंड'मध्ये माकडाचाच पाना म्हणून वापर करावा लागतो, कारण इंग्रजीत एका पान्याचं नाव 'मंकी रेंच' आहे. मराठीत हे कोडं सुटणार कसं? तिथे कोडंच बदलावं लागतं, किंवा आधीच्या संवादात तो शब्द पेरावा लागतो.

बाकी किरकोळ. ॲनिमेशनचा वेग फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात त्याला, बांधू नका, 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर नायक पळत सुटतो. दाराच्या डबल-क्लिकवर थेट पुढच्या सीनमध्ये जाऊ द्या. क्लिक होणाऱ्या वस्तू दाखवणारं बटण द्या, पण ते आपोआप चालू ठेवू नका. जुनं-नवं रूप एका बटणावर बदलता आलं पाहिजे. 2009 च्या 'मंकी आयलंड' स्पेशल एडिशनमध्ये ते एफ10 वर होतं. ते बटण मी पहिल्याच दिवशी बसवतो. आमच्या नदीच्या वेळी ते असतं, तर भाच्याचा पाऊण तास वाचला असता.